नागपुरातून आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडकडे: आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडल्या की पालकांचा एक प्रश्न मला दरवर्षी हमखास ऐकायला मिळतो: "सर, मुलीला शाळेतल्या ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक मिळालं, आता आंतरराष्ट्रीय फेरी कुठे असते?" नावात ‘ऑलिम्पियाड’ हा शब्द असलेल्या, शाळेमार्फत शुल्क भरून दिल्या जाणाऱ्या बहुपर्यायी परीक्षा अनेक आहेत. त्यांमुळे मुलांना गणिताची गोडी लागत असेल तर त्या अवश्य द्याव्यात, पण देशोदेशीचे विद्यार्थी जिथे आपल्या देशाच्या नावाने बसतात त्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडकडे, म्हणजे आयएमओकडे, त्यांपैकी एकीतूनही वाट जात नाही. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेबाबतही असाच गोंधळ होतो. ती मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची सहावी आणि नववीसाठीची विज्ञानाची परीक्षा आहे, तर गणित ऑलिम्पियाडशी संबंधित असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मानखुर्द येथील वेगळी संस्था आहे. आयएमओकडे जाणारी वाट एकच आहे आणि तिच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. त्या नागपुरात राहून कशा चढायच्या, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

शेवटची पायरी आधी पाहू

आयएमओ १९५९ मध्ये रोमानियात सात देशांच्या सहभागाने सुरू झाली. भारत तिच्यात १९८९ पासून भाग घेतो, १९९६ ची स्पर्धा मुंबईत झाली आणि २०२४ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे भारतीय संघाने चार सुवर्णपदकांसह चौथा क्रमांक मिळवला, जो आपला आजवरचा सर्वोत्तम आहे. प्रत्येक देशाचे जास्तीत जास्त सहा विद्यार्थी असतात, ते वीस वर्षांखालील असावे लागतात आणि त्यांनी विद्यापीठीय शिक्षण सुरू केलेले नसावे लागते. स्पर्धा दोन दिवस चालते. रोज साडेचार तासांत तीन प्रश्न सोडवायचे असतात आणि प्रत्येक प्रश्नाला सात गुण असल्यामुळे एकूण गुण ४२ होतात. साधारण निम्म्या स्पर्धकांना पदक मिळते आणि सुवर्ण, रौप्य व कांस्य यांचे प्रमाण जवळपास १:२:३ असे राखले जाते.

या आकड्यांचा अर्थ मुलांना नीट समजावून सांगावा लागतो. आपल्या दहावीच्या गणिताच्या एका भागाच्या पेपरात ४० गुणांसाठी दोन तास असतात. आयएमओमध्ये एकाच प्रश्नाला सरासरी दीड तास मिळतो आणि तरीही बहुतेकांचे सगळे प्रश्न सुटत नाहीत. शाळेत पटकन उत्तर देणारा मुलगा हुशार ठरतो, इथे मात्र तासभर काहीच न सुचताही जो खुर्चीवरून उठत नाही, तो पुढे जातो. ही सवय लागायला किमान दोन वर्षे लागतात, म्हणून सुरुवात आठवी-नववीत व्हावी असे माझे स्पष्ट मत आहे.

पायऱ्या आणि त्यांचे वेळापत्रक

पहिली पायरी म्हणजे आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा. ती मॅथेमॅटिक्स टीचर्स असोसिएशन, इंडिया ही संघटना घेते आणि आठवी ते बारावीचे विद्यार्थी तिला बसू शकतात. जन्मतारखेची अट दरवर्षीच्या सूचनेत दिलेली असते, ती शब्दशः वाचावी. तीन तासांत ३० प्रश्न असतात: दहा प्रश्न दोन गुणांचे, दहा तीन गुणांचे आणि दहा पाच गुणांचे, असे एकूण १०० गुण. पर्याय दिलेले नसतात. प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधील एक संख्या असते आणि ती ओएमआर पत्रिकेवर दोन अंकांत भरायची असते, म्हणजे उत्तर सात असेल तर ०७. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत.

परीक्षा सप्टेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी होते, आणि आपल्याकडे ते दिवस नेमके पोळा व गणपतीचे असतात. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि परीक्षा ८ सप्टेंबरला. त्यामुळे घरातल्यांना ही तारीख जुलैतच सांगून ठेवावी. नोंदणीही पावसाळ्याच्या सुरुवातीच्या आठवड्यांतच होते. आपल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडत असल्याने पहिली चाचणी आणि गणवेशाच्या गडबडीत सूचना फलकावर लागेलच याची खात्री धरू नये. माझ्याकडे येणारा नववीतला एक मुलगा तयारी पूर्ण असूनही केवळ शाळेत कोणी सांगितले नाही म्हणून नोंदणी चुकवून बसला आणि त्याचे एक अख्खे वर्ष गेले. तेव्हापासून मी पालकांना सांगतो की जूनच्या मध्यापासून दर आठवड्याला संघटनेचे आणि होमी भाभा केंद्राचे संकेतस्थळ स्वतः उघडून पाहावे, केंद्रांच्या यादीतून नागपुरातील सोयीचे केंद्र लवकर निवडावे आणि शुल्काची पावती जपून ठेवावी.

दुसरी पायरी आरएमओ, म्हणजे विभागीय ऑलिम्पियाड. ती ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला होते. निवड विभागवार होते आणि आपण महाराष्ट्र व गोवा या विभागात मोडतो, म्हणजे आपली तुलना मुंबई-पुण्यातील मुलांशी होते. केंद्रीय विद्यालये आणि नवोदय विद्यालये यांचे गट मात्र वेगळे असतात. तीन तासांत सहा प्रश्न, प्रत्येकी १७ गुण, एकूण १०२. खरी स्पर्धा इथूनच सुरू होते, कारण इथे उत्तर नव्हे तर सिद्धता तपासली जाते.

तिसरी पायरी, राष्ट्रीय पातळीवरची आयएनएमओ, जानेवारीतील एका रविवारी साडेचार तासांची असते. तिच्यातून निवडलेल्या मोजक्या मुलांचे उन्हाळ्यात निवासी प्रशिक्षण शिबिर होते आणि तिथल्या निवड चाचण्यांतून सहा जणांचा संघ ठरतो. मुलींसाठी आणखी एक दार आहे आणि त्याची माहिती नागपुरातल्या पालकांना क्वचितच असते. २०१२ मध्ये केंब्रिजला सुरू झालेल्या युरोपियन गर्ल्स मॅथेमॅटिकल ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे ईजीएमओमध्ये, भारताचा चार मुलींचा संघ २०१५ पासून जातो. त्यासाठी वेगळा अर्ज नसतो, याच पायऱ्या चढाव्या लागतात. मुलगी आठवी-नववीत असेल आणि तिला गणित आवडत असेल, तर "पुढच्या वर्षी बघू" असे म्हणू नये.

एकच प्रश्न, दोन परीक्षा

आयओक्यूएम आणि आरएमओ यांच्यातला फरक शब्दांत सांगून समजत नाही, म्हणून मी नव्या मुलांना पहिल्याच रविवारी एक प्रश्न देतो: कमीत कमी किती पूर्णांक घेतले, म्हणजे ते कोणतेही असले तरी, त्यांतील दोघांच्या वर्गांतील फरकाला १०० ने निःशेष भाग जाईलच?

फरकाला १०० ने भाग जातो म्हणजे दोन्ही वर्गांचे शेवटचे दोन अंक सारखे असतात. (ऋण संख्येने काही बिघडत नाही, कारण तिचा वर्ग तिच्या धन जोडीदाराच्या वर्गाएवढाच असतो.) म्हणून वर्गांच्या शेवटी किती वेगवेगळ्या जोड्या येऊ शकतात, एवढेच मोजायचे आहे. मुले ० ते ९९ पर्यंतचे वर्ग लिहू लागतात आणि मी त्यांना थांबवत नाही. पंचवीसच्या पुढे गेल्यावर कोणाच्या तरी लक्षात येते की २६ चा वर्ग ६७६ आणि २४ चा ५७६, २७ चा ७२९ आणि २३ चा ५२९, म्हणजे शेपट्या उलट्या क्रमाने परत येत आहेत. कारण सोपे आहे. एखादी संख्या ५० मधून वजा करून किंवा ५० मध्ये मिळवून वर्ग केला, तर मूळ वर्गात २५०० आणि त्या संख्येची १०० पट यांचीच बेरीज-वजाबाकी होते आणि शेवटचे दोन अंक तसेच राहतात. म्हणजे ० ते २५ हे २६ वर्ग पुरेसे आहेत. त्यांत ०, १० आणि २० या तिघांचा शेवट ०० आहे, ५, १५ आणि २५ या तिघांचा २५ आहे आणि उरलेल्या वीस संख्यांचे शेवट एकमेकांहून वेगळे आहेत. एकूण २२ प्रकार. मग २३ संख्या घेतल्या की कोणत्यातरी दोघींचा शेवट जुळणारच.

आयओक्यूएममध्ये ओएमआरवर २३ भरले की काम झाले. घाईत २२ किंवा २७ भरणारी मुले दरवर्षी असतात: पहिल्यांनी प्रकार मोजले पण प्रश्न पुन्हा वाचला नाही, दुसऱ्यांनी पुनरावृत्ती वजा केली नाही.

आरएमओत मात्र ‘२३’ एवढेच लिहिले तर जवळपास काहीच हाती लागत नाही. तिथे दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: २३ नेहमी पुरतात, आणि २२ कधीकधी पुरत नाहीत. दुसऱ्या भागासाठी २२ संख्यांचे एक प्रत्यक्ष उदाहरण द्यावे लागते, जसे की ० ते २५ मधून १०, २०, १५ आणि २५ वगळून उरलेल्या संख्या. हा दुसरा भाग हुशार मुलेही विसरतात. ‘कमीत कमी’ किंवा ‘जास्तीत जास्त’ हे शब्द प्रश्नात दिसले की उत्तराला दोन बाजू आहेत, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

काय शिकायचे

या सर्व परीक्षांचा अभ्यासक्रम चार विषयांत बसतो: बीजगणित, भूमिती, संख्या सिद्धांत आणि मोजणीचे गणित, म्हणजे कॉम्बिनेटोरिक्स. कलनशास्त्राची गरज नसते, त्यामुळे अकरावी-बारावीचे गणित आधी उरकण्याची घाई करण्यात काहीच अर्थ नाही.

भूमितीत राज्य मंडळाच्या मुलांना एक मोठा फायदा आहे आणि तो त्यांना कोणी सांगत नाही. बालभारतीच्या दहावीच्या गणित भाग २ मध्ये कोनदुभाजकाचे प्रमेय, अपोलोनियसचे प्रमेय, अंतर्लिखित कोनाचे प्रमेय, चक्रीय चौकोनाची प्रमेये आणि स्पर्शिका-छेदिका रेषाखंडांचे प्रमेय, एवढे सगळे सिद्धतेसह आहे. आरएमओच्या भूमितीची निम्मी हत्यारे या एका पुस्तकात आहेत. नववीच्या उन्हाळ्यात ते पुस्तक घेऊन प्रत्येक प्रमेय वाचावे, पुस्तक मिटावे आणि पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या क्रमाने ते स्वतः लिहून काढावे. परीक्षेपुरते प्रमेय पाठ करणे आणि ‘ही रचना त्यांना का सुचली असेल’ असा विचार करत ते पुन्हा उभे करणे यांत फार अंतर आहे. यानंतर त्रिकोणाचे परिवर्तुळ, अंतर्वर्तुळ आणि शिरोलंबसंपात यांच्यातील नाती शिकावीत. आकृती कंपास आणि पट्टीने, मोठी आणि नेटकी काढावी. कोनमापक आणि कॅल्क्युलेटर यांना परीक्षेत परवानगी नसते, म्हणून सरावातही ते बाजूला ठेवावेत.

संख्या सिद्धांत शाळेत जवळपास शिकवलाच जात नाही, पण आठवीच्या मुलाला सुरुवात करायला हाच विषय सर्वांत चांगला. देवळालीचे शालेय शिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये मांडलेला ६१७४ चा खेळ घ्यावा: सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची, आणि हेच करत राहायचे. जास्तीत जास्त सात पावलांत ६१७४ येते. मुले खेळात रमली की विचारावे, प्रत्येक वजाबाकीला ९ ने भाग का जातो? या ‘का’चे उत्तर चार ओळींत लिहिले की ती मुलाची पहिली सिद्धता होते. तिथून मसावि, बाकींचे अंकगणित आणि फर्माचे छोटे प्रमेय इथपर्यंतची वाट सरळ आहे.

बीजगणितात बहुपदी, अंकगणितीय व भूमितीय मध्याची असमानता आणि फलनांची समीकरणे हवीत. मोजणीच्या गणितात सूत्रे थोडी आणि कल्पना फार: पिजनहोल तत्त्व (वरच्या प्रश्नात वापरलेलेच: प्रकार २२ आणि संख्या २३, म्हणून दोन जुळणारच), विगमन, एकच गोष्ट दोन रीतींनी मोजणे आणि न बदलणारी राशी शोधणे. हा विषय वाचून येत नाही, प्रश्न सोडवूनच येतो. आरएमओ आणि आयएनएमओच्या मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत आहेत आणि आयएमओचे १९५९ पासूनचे प्रश्न तिच्या अधिकृत संकेतस्थळावर आहेत. एवढे साहित्य असताना महागडे संच विकत घेण्याची गरज मला कधी वाटलेली नाही.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी वेगळे सांगायला हवे. प्रश्नपत्रिका मराठीत नसते, म्हणून गणित येत असूनही शब्दांवर अडखळायला होते. पन्नास-साठ शब्दांची एक यादी स्वतः तयार करावी. ‘प्राइम’ म्हणजे मूळ संख्या, हे बहुतेकांना ठाऊक असते, पण ‘डिस्टिंक्ट’ म्हणजे परस्परांहून भिन्न, ‘ॲट मोस्ट’ म्हणजे जास्तीत जास्त, ‘नॉन-निगेटिव्ह’ म्हणजे ऋण नसलेली आणि म्हणून शून्यासह, असे छोटे शब्दच जास्त गुण घालवतात. ‘इंटिजर’ म्हणजे पूर्णांक आणि ‘होल नंबर’ म्हणजे पूर्ण संख्या, हा भेदही पक्का असावा. विचार मात्र मराठीतच करावा.

आठवड्याचा रिवाज

रोज दोन प्रश्न पुरे, पण ते खरे प्रश्न असावेत. पहिला अर्ध्या तासात सुटेल असा आणि दुसरा न सुटण्याची शक्यता असलेला. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी पाहायचे नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. शाळेच्या बसमध्ये, अंघोळ करताना तो मनात फिरत राहू द्यावा. तिसऱ्या दिवशी उत्तराची फक्त पहिली ओळ वाचावी, पुस्तक मिटावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. संपूर्ण उत्तर वाचावेच लागले, तर आठवड्याने तोच प्रश्न कोऱ्या कागदावर सोडवून पाहावा. जमला नाही, तर आपण तो समजलो नव्हतो, फक्त वाचला होता.

नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या आसपास जातो आणि दुपारी कूलरसमोर बसूनही डोके चालत नाही. पण पहाटे साडेपाच ते साडेआठ ही वेळ शांत असते आणि ती नेमकी आरएमओच्या पेपराएवढी, तीन तासांची असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवड्यातून एकदा या वेळेत जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवावी.

चार-पाच मुलांचा गट जमला तर फार चांगले. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला मिळत असल्यामुळे खापरीकडचा आणि हिंगण्याकडचा मुलगा एकाच ठिकाणी सहज पोहोचू शकतात. आमच्या रविवारच्या बैठकीत एक मूल फळ्यावर आपले उत्तर मांडते आणि बाकीच्यांनी फक्त एकच प्रश्न विचारायचा असतो: "हे कशावरून?" एकदा एका मुलीने ‘उघडच आहे की’ असे लिहून पुढे जाण्याचा प्रयत्न केला, मागच्या रांगेतल्या आठवीच्या मुलाने हात वर केला, आणि पुढची चाळीस मिनिटे सगळे त्या एका वाक्यावर अडले. वाक्य खोटे निघाले. त्या दिवशी तर्री पोहे थंड झाले, पण तिच्या वहीत ‘उघडच आहे’ हे शब्द पुन्हा कधी दिसले नाहीत.

उत्तर लिहिण्याची रीत

कच्चे काम आणि पक्की सिद्धता वेगळ्या कागदांवर करावी. पक्क्या सिद्धतेत प्रत्येक चिन्ह वापरण्यापूर्वी ते कशासाठी आहे हे सांगावे, वापरलेल्या प्रमेयाचे नाव लिहावे आणि सर्व शक्यता घेतल्या आहेत हे दाखवावे. काही उदाहरणे तपासून ‘असेच पुढे’ म्हणणे ही सिद्धता नव्हे. साध्य विधान खरे मानून त्यातून खरे विधान काढणे हीसुद्धा सिद्धता नव्हे, आणि ही चूक असमानतेच्या प्रश्नांत सर्वांत जास्त दिसते. तीन अर्धवट प्रश्नांपेक्षा दोन पूर्ण प्रश्न जवळपास नेहमीच जास्त गुण देतात. म्हणून शेवटची वीस मिनिटे नवा प्रश्न उघडू नये, लिहिलेले परक्याच्या नजरेने वाचावे.

बारावीच्या विद्यार्थ्यांना मी सावध करतो. आयएनएमओ, जेईई मेनचे पहिले सत्र आणि मंडळाच्या परीक्षा काही आठवड्यांच्या अंतराने येतात, त्यामुळे त्या वर्षी नव्याने सुरुवात करणे बहुतेकांना झेपत नाही. जी मुले दहावीपर्यंत आरएमओच्या पातळीला पोहोचलेली असतात, त्यांनी मात्र क्लासच्या दबावाखाली हे सोडून देऊ नये. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटसारख्या संस्था प्रवेशात ऑलिम्पियाडमधील यशाची दखल घेतात, आणि पुढे गणितच शिकायचे असेल तर याहून चांगली तयारी दुसरी नाही.

परीक्षेच्या रविवारी केंद्रावर तासभर आधी पोहोचावे, ओळखपत्र आणि प्रवेशपत्र आदल्या रात्रीच पिशवीत ठेवावे, आणि आरएमओत पहिली दहा मिनिटे काहीही न लिहिता सहाही प्रश्न वाचावेत. घरी आल्यावर पालकांनी किती सुटले हे विचारण्याऐवजी कोणता प्रश्न सर्वांत आवडला हे विचारावे. मुलाने जेवून थोडी झोप घ्यावी आणि संध्याकाळी जो प्रश्न सुटला नाही तो वहीच्या नव्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहून घ्यावा, म्हणजे सोमवारी शाळेतून आल्यावर तो समोर असेल.